तोमासाचे सात 'मी'

९ मार्च १९९८

दोन वर्षांनी ही वही उघडली. शाळा सुटली तसं लिहिणंही सुटलं होतं. निवृत्त मास्तराच्या दिवसात नोंद करण्यासारखं असतं तरी काय? सकाळची काळी कॉफी, फुटपाथवरची झुलती खुर्ची, नदीवरचा वारा आणि बायकोची बोलणी. आज मात्र काहीतरी घडलं.

बारांकियाच्या विद्यापीठातून मारेल्विस नावाची मुलगी आली. पंचविशीची, केस घट्ट बांधलेले, खांद्याला विटेएवढा टेपरेकॉर्डर. गावातल्या चोवीस माणसांचं बोलणं तिला टेपवर घ्यायचं आहे. विषय ऐकून आधी हसू आलं, मग राग. आमच्या स्पॅनिशमध्ये क्रियापदाच्या शेपटीवरूनच कळतं कोण बोलतोय. 'जातो' म्हटलं की पुरे. तरी आम्ही किनाऱ्याकडची माणसं 'मी जातो, मी येतो, तू ऐक, तू बघ' असं दर श्वासाला म्हणतो. डोंगराकडचे, राजधानीकडचे लोक म्हणत नाहीत. ही मुलगी आमचे 'मी' आणि 'तू' मोजणार आणि त्यावर तिला पदवी मिळणार.

ज्या तणाची तेहेतीस वर्षं खुरपणी केली, ते तण मोजायला विद्यापीठ माणूस धाडतं.

तरी मदत करायचं कबूल केलं. परक्या माणसापुढे हे गाव तोंड उघडत नाही, आणि मुलगी गुणी दिसते. वहीचा जुना नियम मात्र कायम: इथे 'मी' हा शब्द येणार नाही. क्रियापद आपलं काम चोख करत असताना त्याच्या पुढे छाती काढून चालणारा माणूस कशाला?

१५ मार्च

नऊ माणसं झाली. मारेल्विसची युक्ती बघण्यासारखी आहे. माणूस यंत्रासमोर सावरून बसतो, सणासुदीचे कपडे घातल्यासारखा बोलतो. ती त्याला पाऊसपाणी विचारते, मासे विचारते आणि मग हळूच म्हणते, "कधी असं झालं का, की आता मरतो असं तुम्हाला वाटलं?" झालं. माणूस यंत्र विसरतो, हात हलवू लागतो, आणि 'मी'चा पूर येतो.

आज धक्क्यावर पुऱ्या तळणाऱ्या नुरिसची आई, तोमासा म्हातारी, बोलली. वय एक्याऐंशी, डोळे गेलेले, पण आवाज बाजाराच्या दिवसासारखा. पन्नास सालच्या पुरात नाव उलटली, तेव्हाची हकिकत. नुरिस चार महिन्यांची, कपडे धुण्याच्या लाकडी परातीत ठेवलेली. ती परात म्हातारीने म्हणे दातांनी धरून काठाला आणली. गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे की नुरिसला वाचवलं ते तिच्या बापाने, एर्मोहेनेसने. कामगारदिनाच्या भाषणात त्याचं उदाहरण निदान दहा वेळा दिलं असेल. म्हातारपणी आठवणींची सरमिसळ होते. समजून घ्यावं.

बोलून झाल्यावर म्हातारीने यंत्र चाचपून पाहिलं आणि मारेल्विसला विचारलं, "हे उद्या विसरणार तर नाही ना?"

२१ मार्च

चोविसावा माणूस मिळेना, म्हणून शेवटी स्वतःच यंत्रासमोर बसलो. तोच प्रश्न आला. दलदलीतल्या गोळीबाराची हकिकत सांगितली. ती खासगी आहे, इथे लिहीत नाही.

नंतर मारेल्विसने टेप मागे फिरवून ऐकवली. यंत्रात दोष असावा. त्यातला माणूस एका वाक्यात चार-चार 'मी' म्हणत होता.

एदिल्मा पडद्याआडून ऐकत होती. म्हणाली, "यंत्र बरं आहे. मी रोज ऐकते तुला. पस्तीस वर्षं मी हेच ऐकते."

३ एप्रिल

मारेल्विस परत गेली. ती दर पंधरवड्याला बसबरोबर टेपा पाठवणार. त्या ऐकून उतरवायच्या, टाइप करायच्या आणि टेपांसकट परत धाडायच्या. जाताना तिने तीनदा बजावलं, "मास्तर, जसं बोललेत तसंच. एक अक्षरही इकडंतिकडं नको."

तिला 'हो' म्हटलं. कामाची रीत शाळेतलीच ठेवली आहे. आधी वहीत शिसपेन्सिलीने जसंच्या तसं, मग लाल शाई. मुलांच्या शुद्धलेखनात चूक कधी रबराने पुसू दिली नाही. चूक दिसली पाहिजे आणि तिच्यावरची रेघही दिसली पाहिजे, तरच पोर शिकतं.

प्रत्येक माणसाला एक वही. वहीवर नाव नाही, नुसता आकडा. तसा मारेल्विसचा दंडक आहे.

१२ एप्रिल

पहिली वही टाइप करायला घेतली आणि हात थांबला.

वीस ओळींत एकतीस 'मी'. हे कागद कुठे जाणार? विद्यापीठात. तिथून राजधानीत. तिथे इस्त्रीच्या शर्टातले लोक ते वाचणार आणि एकमेकांकडे बघून हसणार. ते हसू ओळखीचं आहे. एकसष्ट साली गावाच्या पाणथळीला बड्या जमीनदाराने कुंपण घातलं, तेव्हा गव्हर्नरच्या कचेरीत एक कोळी उभा राहिला होता. मोठ्या मनाचा माणूस, न्यायाची बाजू. बोलला: साहेब, मी तिथे जन्मलो, मी तिथे जाळं टाकतो, मी तिथे माझा बाप पुरला. मेजामागचा चिटणीस मान वेळावत म्हणाला, मी मी मी, ही बकरी कुणाची? सगळी कचेरी हसली. हसून झाल्यावर कागदावर सही झाली आणि पाणथळ गेली.

त्या दिवशी एकोणिसाव्या वर्षी शपथ घेतली. या गावचं पोर असं बोलेल की हसायला कुणाला फट सापडणार नाही. गरिबाकडे वकील नसतो, त्याची जीभच त्याचा वकील. ती मळकट कपड्यात कोर्टात पाठवायची?

टाइप करताना लाल रेघेखालचे 'मी' गाळले. अर्थाला कुठेही धक्का नाही. मारेल्विसने 'अक्षर' म्हटलं होतं. तिच्या मनातला हेतू आपल्या लोकांचा सन्मान हाच असणार. आजची पोरगी आहे, पुढे कळेल तिला.

१७ मे

तोमासा म्हातारी गेली. झोपेतच. तिची वही नेमकी परवाच संपवली होती. तिच्याही गोष्टीतले खोडले; तिच्या बाबतीत तर व्याकरणाबरोबर इतिहासही सुधारला.

नऊ दिवस नुरिसच्या अंगणात प्रार्थना. तळणीचा धूर नसलेला धक्का ओकाबोका वाटतो.

६ जुलै

काम पुरं. शेवटचा गठ्ठा टेपांसकट बसड्रायव्हरच्या हाती दिला. अंग हलकं झालं.

चोवीस वह्या घर अडवून बसल्या होत्या. एदिल्मा म्हणाली, कागद आहे तर नुरिसला दे, तिला पुड्यांना लागतो. दिल्या. मक्याच्या पुऱ्या गुंडाळायला तेवढ्याच उपयोगी. काम झालेली वही ठेवून काय करायचं?

२ ऑगस्ट

गंमत आहे. गेले तीन आठवडे दर रविवारी दाराच्या कडीला मासा टांगलेला असतो. बोकाचिको, ताजा, कल्ले लाल. कोण ठेवतं कळत नाही. धक्क्यावर विचारलं तर कोळी टोप्या काढतात, 'असू दे मास्तर' म्हणतात आणि पाण्याकडे बघतात.

एदिल्माला सांगितलं की कामगारदिनाच्या भाषणाचा हा परिणाम असणार; यंदा पाणथळीचा मुद्दा चांगला उतरला होता. तिने खवले काढता काढता वर पाहिलं आणि पुन्हा खाली पाहिलं.

११ सप्टेंबर

मारेल्विसचं पत्र. अक्षरांतून आनंद नुसता सांडतोय. आमच्या गावचा निकाल विलक्षण निघाला आहे. सगळ्या किनाऱ्यावर 'मी'-'तू' भरमसाट आणि मधोमध आमचं एक गाव, राजधानीपेक्षाही काटकसरी. का, हे तिला कळत नाही. नदीवरच्या जुन्या व्यापारी पेठेचा वारसा असेल, असं ती लिहिते. त्यावर तिने आणखी एक प्रकरण लिहायला घेतलं आहे.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा छाती फुगली. दुसऱ्यांदा लाल रेघा आठवल्या. दुपारी जेवण नको वाटलं.

२२ ऑक्टोबर

टेलिफोन ऑफिसातून बोलावणं आलं. धावत गेलो. पलीकडे मारेल्विस, आवाज बसलेला.

तिकडे पावसात रस्त्यांच्या नद्या होतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. गाड्या वाहून जातात. परवा तिच्या गल्लीतलं पाणी तळमजल्यावरच्या खोलीत कमरेएवढं चढलं. सगळ्या टेपा त्यात गेल्या. सुकवून, पुसून पाहिल्या. आत नुसता गाळ.

त्याच आठवड्यात तिचे मार्गदर्शक डॉ. सेपुल्वेदा यांनी प्रबंध वाचला. म्हणाले, बाई, किनाऱ्यावरचा माणूस असा बोलतच नाही. मला टेप ऐकवा. तिने सांगितलं, टेपा बुडाल्या. ते म्हणाले, सोयीचा पूर आला म्हणायचा.

तीस तारखेला समितीची बैठक आहे. हिने मुलाखती घरी बसून रचल्याचा संशय आहे. तसं ठरलं तर पदवी गेलीच, वर पुन्हा कुठल्याही विद्यापीठात पाय ठेवता येणार नाही. तिची आई गेली सहा वर्षं लोकांचे कपडे शिवून हिला शिकवते आहे.

"मास्तर, तुम्ही नुसतं लिहून द्या," ती म्हणाली, "की टेपवर होतं तेच तुम्ही उतरवलंत. तुमचा शब्द ते मानतील."

लाइनवर खरखर होती. तिला सांगितलं, बघू, काहीतरी चूक झाली असावी. मग लाइन तुटली. की ठेवली? बहुतेक तुटली.

२३ ऑक्टोबर

सकाळपासून पत्राचे चार मसुदे. 'टेपवरील मजकूर अत्यंत निष्ठेने…' फाडला. 'किरकोळ भाषिक संस्कार वगळता…' फाडला. 'उतरवताना काही सर्वनामे गळली असण्याची शक्यता…' हा बरा वाटला. एदिल्माला वाचून दाखवला.

ती युकाचे कंद सोलत होती. सुरी खाली ठेवली.

"'गळली'? झाडावरून गळली काय? कोणी पाडली ते सांगायला तुझी जीभ जड होते का? जन्मभर तू लोकांना सांगत आलास, 'मी' म्हणू नका. आज बरं तुझ्या सोयीचं झालंय ते."

तिला म्हटलं, हा भाषेचा प्रश्न आहे, तुला कळायचा नाही.

"मला एवढं कळतं मला," ती म्हणाली, "की एक पोरगी बुडते आहे आणि तू काठावर बसून व्याकरण शिकवतो आहेस."

जेवणात मीठ नव्हतं. मुद्दाम.

२४ ऑक्टोबर

झोप नाही. पहाटे एकदम आठवलं आणि ताडकन उठून बसलो.

शिसपेन्सिल! वह्यांत सगळं आहे. एकही 'मी' पुसलेला नाही, नुसता खोडलेला आहे. प्रत्येक शब्द लाल रेघेखाली जिवंत आहे.

आणि वह्या जुलैत नुरिसला दिल्या. पुऱ्या गुंडाळायला.

उजाडायच्या आत धक्क्यावर गेलो. नुरिस चूल पेटवत होती. गल्ल्याशेजारी कागदाची चळत, तिच्यावर दगड. चळत उचलून पाहिली: वर्तमानपत्रं. नुसती वर्तमानपत्रं. तिला विचारलं, जुलैतल्या वह्या?

"त्या होय," ती म्हणाली. "वरची एक गेली. पहिल्या दोन दिवसांत. अख्ख्या गावाने पुऱ्यांबरोबर वाचली."

कुठली, विचारलं.

तिने पंख्याने निखारे फुलवले. "तुमची होती मास्तर. पान हातात घेतल्याशिवाय कसं कळणार? मला वाटलं शाळेची असेल. मग माणसं पुरी खायची थांबली आणि पानं बदलून घ्यायला लागली. 'ह्याच्या पुढचं कुणाकडे आहे' म्हणून."

धक्क्यावरच्या बाकावर बसलो. ती हकिकत आजवर एदिल्मालाही सगळी सांगितली नव्हती. सदतीस वर्षं. यंत्रासमोर काय झालं कुणास ठाऊक. आता गावाने ती तेलकट बोटांनी वाचली होती, मग इथे लिहायला काय हरकत. तो कचेरीतला कोळी माझा बाप होता. सही झाल्यावर आठ दिवसांनी तो कुंपण ओलांडून पाणथळीत जाळं टाकायला गेला. त्याला परत आणायला मागोमाग गेलो. राखणदारांनी गोळ्या झाडल्या. दिवस मावळेपर्यंत दोघं चिखलात पालथे. दुपारी कधीतरी त्याने, मान न वळवता, विचारलं: "त्या दिवशी मी नीट बोललो नाही ना रे?"

त्याला उत्तर दिलं नव्हतं.

नुरिसला विचारलं, लोक हसले का?

तिने अशा नजरेने पाहिलं, जशी शाळेत कधी कुणी पाहण्याची हिंमत केली नव्हती. "मास्तर," ती म्हणाली, "दर रविवारी मासे कोण टांगतं असं तुम्हाला वाटतं?"

२४ ऑक्टोबर, दुपारी

सकाळची नोंद अर्धीच राहिली. बाकीच्या तेवीस वह्यांचं सांगायचं राहून गेलं.

त्या आहेत. नुरिसच्या पिठाच्या पेटीत, मेणकापडात. दुसरी वही फाडायला घेतली आणि पहिल्याच ओळीवर तिचा हात थांबला. आकडा काही का असेना, आईचं बोलणं ती ओळखणार नाही? मग बाकीच्या न वाचता बांधून ठेवल्या. "लोकांच्या पोटातलं आहे ते. त्यात पुऱ्या कशा बांधणार?" मारेल्विसचा दंडक जो या मास्तराने धाब्यावर बसवला, तो तळणीवाल्या बाईने पाळला.

पेटी उघडली, वह्या दिल्या. एक मागे ठेवली. ती उघडून माझ्यापुढे धरली.

"मला गावाने आयुष्यभर सांगितलं, बापाने तुला वाचवलं. तुम्हीपण माइकवरून सांगितलंत. आई गप्प बसायची. इथे ती सांगते आहे. बाप झाडाला मिठी मारून ओरडत होता, आणि ती म्हणते, मी उडी मारली, मी परात धरली, मी दातांत धरली, मी सोडली नाही. सात वेळा 'मी' म्हणते ती. मी मोजलेत मी. आणि तुम्ही सातच्या सात खोडलेत."

वही हातात घेऊन त्या सात रेघा मोजल्या.

"न्या," ती म्हणाली. "पोरीचं काम होऊ दे. पण ही वही परत पाहिजे. आणि आईच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी, चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर, तुम्ही ती अंगणात वाचायची. तिने सांगितली तशी. सगळ्यांसमोर."

कबूल केलं.

३० ऑक्टोबर, बारांकिया

बस पहाटेची. वह्यांचं पोतं मांडीवर घेऊन बसलो. रस्ताभर भाषण जुळवत होतो: भाषा म्हणजे काय, अपमान म्हणजे काय, एका पिढीने दुसरीला काय वारसा द्यावा. सुरेख जमलं होतं. तीन ठिकाणी टाळ्या येण्यासारखी होती.

मारेल्विस पायऱ्यांवर भेटली. डोळे सुजलेले, पण इस्त्रीचा झगा. तिला आधी सांगायचं ठरवलं होतं, आणि सांगितलं. तिथेच, उभ्या उभ्या. "मी खोडले. टेपवर सगळे होते. मी ऐकले, मी लिहिले, आणि मग मी खोडले. तू तीनदा बजावलं होतंस."

ती पोत्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही मला विचारलंसुद्धा नाही, मास्तर. एका प्रकरणात मी तुमच्या गावाची थोरवी गायली आहे." आणि आत गेली, दार माझ्यासाठी न धरता. बरोबर होतं तिचं.

समितीत तिघे होते. डॉ. सेपुल्वेदा डोंगराकडचे, बारीक आवाजाचे, 'आपण' म्हणणारे. त्यांनी विचारलं, आपल्याला काय सांगायचं आहे? मी उभा राहिलो. समोर मेज, मेजामागे माणसं, हातात कागद. छत्तीस-सदतीस वर्षांपूर्वीची खोली जशीच्या तशी. भाषण गेलं कुठल्या कुठे.

मी तेच सांगितलं जे पायऱ्यांवर सांगितलं होतं. त्यात किती 'मी' आले, मोजले नाहीत. मधे एकदा वाटलं, आता कुणीतरी मान वेळावणार. मी थांबून पाहिलंही. डॉ. सेपुल्वेदा लिहून घेत होते. तिसऱ्या खुर्चीतल्या बाई रुमालाने चष्मा पुसत होत्या. कुणी हसलं नाही.

मग वह्या मेजावर मांडल्या. डॉक्टरांनी एक उघडली, खिडकीशी नेली, पेन्सिलीचे ठसे बोटाने चाचपले. दोन पानं मोजली, ओठ हलवत. दुसरी वही. तिसरी. पानांना पिठाचा वास येत होता, आणि ते मोजता मोजता दोनदा शिंकले.

"हां," ते म्हणाले. "हा किनारा."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, खोडायचे होते तर पुसले का नाहीत? मी म्हटलं, मास्तर आहे, चूक पुसत नाही.

ते म्हणाले, "आपल्या या खोडीने ही मुलगी बुडाली असती, आणि त्याच खोडीने तरली. मी आपले आभार मानावेत की आपल्याला दारातून बाहेर काढावं, ठरत नाही." आणि खरोखर थोडा वेळ ठरवत बसले.

निर्णय: संशय रद्द, तसं लेखी. तिने सगळी मोजणी वह्यांवरून पुन्हा करायची, नवं प्रकरण काढायचं, मुदत सहा महिने. तेवीस माणसं, चोविसावा नव्याने बोलवायचा.

बाहेर पडल्यावर मारेल्विस भिंतीला टेकून खाली बसली आणि रडली, मग हसली, मग तिला उचकी लागली. मी कोपऱ्यावरून तिला उसाचा रस आणून दिला. तिने प्याला अर्धा संपवला आणि उरलेला माझ्यापुढे धरला.

"मी अजून रागावलेली आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे मला."

"चोविसावा माणूस कोण ते तुम्हाला माहीत आहे ना?"

८ नोव्हेंबर

मारेल्विस आली, नवा टेपरेकॉर्डर, उधारीवर आणलेला. पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा तीच हकिकत, या वेळी अंगणात, एदिल्मा शेजारी बसलेली. बापाने चिखलात विचारलं तिथपर्यंत आलो आणि पुढे मी म्हणालो, तू नीट बोललास, बाबा. हे त्या दिवशी घडलं नव्हतं. मी मारेल्विसला सांगितलं, हे वाक्य खोटं आहे, हवं तर काढून टाक.

तिने यंत्र बंद केलं नाही. म्हणाली, जसं बोललात तसंच राहील.

एदिल्माने रात्री माशात मीठ बरोबर घातलं.

२३ मार्च १९९९

मारेल्विसला पदवी मिळाली. फोनवर तिची आई बोलली. शिवणयंत्राचा आवाज मागे चालूच होता. बाईंना मला झापायचं होतं, असं त्यांनी आधीच सांगितलं, झापलंही, आणि मग म्हणाल्या, येताना नदीचे मासे आणा.

आज दिवसभर मी विनाकारण शिट्टी वाजवत हिंडलो. एदिल्मा दोनदा म्हणाली, म्हातारा बिघडला.

१७ मे १९९९

तोमासाला जाऊन वर्ष झालं. सकाळी मिस्सा, मग नुरिसच्या अंगणात सगळं गाव. खुर्च्या कमी पडल्या. कोळी उलट्या टोपल्यांवर बसले. मारेल्विस बारांकियाहून आली होती. तिने वही परत आणली, नवं पुठ्ठ्याचं वेष्टण घालून.

आजवर हजार वेळा लोकांपुढे उभा राहिलो असेन. भाषण न जुळवता मात्र पहिल्यांदाच. आधी मी सांगितलं की एर्मोहेनेसबद्दल दर वर्षी जे बोललो ते चुकीचं होतं, आणि बरोबर काय ते या वहीत आहे. मागच्या रांगेतून कुणी म्हातारा पुटपुटला, "आम्हाला माहीत होतं." त्याची बायको त्याला म्हणाली, "मग तू का नाही बोललास तू?" थोडा हशा झाला. तो वेगळा हशा होता.

मग वाचायला लागलो. लाल रेघा खूप आहेत, डोळ्यांना त्रास होतो. त्यांच्याखालून वाचावं लागतं. नुरिस पहिल्या रांगेत, हात मांडीवर. प्रत्येक 'मी'ला एक बोट मिटत होती. उजवा हात संपला, डावा सुरू झाला. पाणी, परात, दात, काठ, चिखल, मूल रडलं ते. मी आवाज चढवला नाही. गोष्टीचा शेवट असा आहे, तोमासाच्याच शब्दांत: "जबडा तीन दिवस उघडत नव्हता. लोक म्हणायचे एर्मोहेनेसने वाचवली. मी कशी सांगणार, तोंड मिटलेलं. मग राहूनच गेलं. पण परात मी धरली होती."

वही मिटली.

नुरिसने आपल्या बोटांकडे पाहिलं, पुन्हा मोजली आणि डोळे पुसत म्हणाली, "आठ झाले, मास्तर. एक तुम्ही वाढवलात."

नुरिसकडून रात्रीपुरती मागून घेतलेली वही आता घरी येऊन पुन्हा ताडून पाहिली. खरंच, सातच आहेत. शेवटच्या वाक्याच्या शेवटी, जिथे काहीच लिहिलेलं नाही तिथे, मी वाचलं होतं: "परात मी धरली होती. मी."

पेन्सिल घेतली आणि तो आठवा तिथे बारीक अक्षरात लिहिला, समासात 'हा मास्तराचा' अशी खूण करून. लाल दौत शेजारीच होती. तिचं बूच घट्ट लावलं.